पाप की वितर्क? एव्हाग्रिअस पाँटिकसच्या चित्तचिकित्सेविषयी

ख्रिस्ती परंपरेतील सात महापापांची यादी आपल्याकडील सुशिक्षित वाचकास ऐकून तरी माहीत असते. गर्व, लोभ, कामवासना, मत्सर, क्रोध, खादाडपणा आणि आळस. षड्रिपूंशी तिचे साम्य चटकन लक्षात येते आणि बहुधा तेथेच विचार थांबतो. परंतु या यादीचे मूळ शोधू गेल्यास आपण रोमच्या धर्मपीठापाशी नव्हे, तर चौथ्या शतकातील इजिप्तच्या वाळवंटातल्या एका कुटीपाशी येऊन पोहोचतो. त्या कुटीत लिहिली गेलेली यादी सातांची नसून आठांची आहे, तीत मत्सर नाही, आणि मुख्य म्हणजे त्या आठ गोष्टींना तेथे पाप म्हटलेलेच नाही. त्यांना 'लोगिस्मॉई' म्हटले आहे. या ग्रीक शब्दाचा सरळ अर्थ 'विचार'. आम्ही त्यासाठी 'वितर्क' हा पाली परंपरेतील शब्द योजीत आहोत. तसे करण्यात काय धोका आहे, तेही पुढे येईलच.

ही यादी करणारा एव्हाग्रिअस पाँटिकस हा इ. स. 345च्या सुमारास काळ्या समुद्राच्या दक्षिणेकडील पाँटस प्रदेशात, इबोरा या गावी जन्मला. बेसिलने त्याला वाचकाची दीक्षा दिली आणि नाझियान्झसच्या ग्रेगरीने डीकन केले. हे दोघेही त्या शतकातील ग्रीक ख्रिस्ती विचाराचे आधारस्तंभ होते, तेव्हा एव्हाग्रिअसचे शिक्षण कोणत्या प्रतीचे होते हे वेगळे सांगावयास नको. 381च्या धर्मपरिषदेच्या काळात तो कॉन्स्टँटिनोपल येथे होता. वादविवादात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता, असे त्याचा शिष्य पॅलेडिअस सांगतो. तेथेच एका उच्चपदस्थाच्या पत्नीशी त्याचे मन गुंतले. पॅलेडिअसच्या वृत्तांतानुसार त्याला स्वप्नात स्वतःला बेड्या पडलेल्या दिसल्या. नगर सोडण्याची शपथ त्याने त्या स्वप्नातच घेतली आणि जागा झाल्यावर ती पाळली. जहाजाने तो जेरुसलेमला गेला. मात्र तेथेही उंची वस्त्रांचा आणि लोकमान्यतेचा मोह सुटेना. मग सहा महिने ताप हटला नाही. ऑलिव्ह पर्वतावर मठ चालविणाऱ्या मेलानिया या थोर रोमन स्त्रीने या आजाराचे खरे कारण ओळखले, त्याच्याकडून सर्व हकीकत वदवून घेतली आणि तपस्वी होण्याचे वचन घेतले. 383च्या सुमारास तो इजिप्तमधील नित्रिया येथे आला. दोन वर्षांनी तो आणखी आत, केल्लिया या वसाहतीत गेला. 'केल्लिया' म्हणजे कुट्या. हस्तलिखितांच्या नकला करून पोट भरीत त्याने तेथे चौदा वर्षे काढली आणि 399 साली तेथेच त्याचा अंत झाला.

हा जीवनवृत्तान्त आम्ही थोडा विस्ताराने दिला, कारण एव्हाग्रिअसच्या ग्रंथांत जे ज्ञान आहे ते व्यासपीठावरून सांगितलेले नाही. ज्याला आपले मन आपल्या ताब्यात नाही याचा अनुभव भर राजधानीत, कीर्तीच्या शिखरावर आला, त्या माणसाची ती टिपणे आहेत.

'प्राक्टिकॉस' हा त्याचा शंभर छोट्या प्रकरणांचा ग्रंथ. त्यात खादाडपणा, कामवासना, धनलोभ, खिन्नता, क्रोध, अकेदिया, पोकळ प्रतिष्ठेची हाव आणि गर्व असे आठ वितर्क क्रमाने वर्णिले आहेत. वरवर वाचणाऱ्यास ही नीतिपाठाची नेहमीची नामावळी वाटेल. पण एकेक वर्णन नीट पाहावे. खादाडपणाच्या प्रकरणात मिष्टान्नाचा उल्लेखसुद्धा नाही. तेथे उपास करणाऱ्या तपस्व्याला आपले पोट, यकृत, प्लीहा आठवते, जलोदर होईल असे वाटते, दीर्घ आजार आणि जवळपास वैद्य नसल्याची काळजी लागते. धनलोभाच्या प्रकरणात सोन्याची रास नाही. तेथे येऊ घातलेले लांबलचक म्हातारपण आहे, काम करू न शकणारे हात आहेत, दुष्काळ आहे, आणि दुसऱ्यापुढे हात पसरण्याची लाज आहे. म्हणजे ज्याला आपण हाव म्हणतो तिच्या तळाशी एव्हाग्रिअसला भय दिसले. लोभी माणूस अधिक मागतो असे नव्हे, तर त्याला उद्याची धास्ती वाटते. हे निरीक्षण आम्हांस फार मोलाचे वाटते. ज्याने लोभाची केवळ निंदा केली त्याच्या हाती हे लागले नसते.

प्रतिष्ठेच्या हावेचे प्रकरण तर मिस्कील आहे. कुटीत एकटा बसलेला तपस्वी मनातल्या मनात रोग्यांना बरे करतो. लोकांचा जमाव त्याच्या वस्त्राला स्पर्श करू पाहतो. त्याला पुरोहित करण्यासाठी लोक दाराशी येतात आणि तो नको म्हणत असताना त्याला बांधून नेतात. असा तो रिकाम्या आशेवर चढला की हा वितर्क त्याला सोडून जातो आणि त्याची जागा गर्व, खिन्नता, नाहीतर कामवासना घेते. क्षणापूर्वीचा पवित्र पुरोहित क्षणात त्या वासनेच्या हवाली होतो. भरल्या सभागृहांत हारतुरे स्वीकारणाऱ्या सर्वांनी (यात लेखक व संपादकही आले) हे छोटेसे प्रकरण वर्षातून एकदा तरी वाचावे.

परंतु एव्हाग्रिअसचे नाव ज्यामुळे राहिले तो वितर्क म्हणजे अकेदिया. पुढे लॅटिनमधून इंग्रजीत येता येता त्याचा 'आळस' झाला आणि आपणही तोच शब्द उचलला. मूळ वर्णन मात्र वेगळे आहे. सूर्य जागचा हलत नाही, दिवस पन्नास तासांचा वाटतो. साधक पुन्हा पुन्हा खिडकीकडे पाहतो, कुटीबाहेर डोकावतो, जेवणाची वेळ व्हायला किती अवकाश आहे याचा अंदाज घेतो. मग या जागेचाच वीट येतो, हातातल्या कामाचा वीट येतो, येथे कोणाला कोणाविषयी माया उरली नाही असे वाटू लागते. कोणी दुखावलेले असेल तर तेही याच वेळी आठवते. दुसरीकडे गेलो तर सर्व सोपे होईल, देव काय सगळीकडेच आहे, असा युक्तिवाद सुचतो. घरची माणसे आठवतात आणि आयुष्य फार लांब दिसू लागते. यात सुस्ती आहे तितकीच अस्वस्थताही आहे. 'थीनमिद्ध' या नीवरणाशी याची सांगड घालणे म्हणूनच अपुरे पडते. त्यात 'उद्धच्च-कुक्कुच्च'ही मिसळलेले आहे. आमच्या मते त्याला सर्वांत जवळचा पाली शब्द 'अरति' हा होय. सुत्तनिपातातील पधानसुत्तात माराच्या सेनांची गणना आहे. तीत कामानंतर दुसरी सेना अरतीची आहे, आणि थीनमिद्ध तिच्याहून वेगळे, पाचवे मोजले आहे. घेतलेल्या व्रतातच मन न रमणे, ही ती अरती. 'आळस' म्हटले की साधकाला चाबूक दाखवावा लागतो. 'अरति' म्हटले की निदान दुखणे कोठे आहे ते कळते.

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. हे वितर्क आपल्याला त्रास देतात की नाही हे आपल्या हाती नाही, मात्र ते मनात रेंगाळतात की नाही आणि विकार चाळवतात की नाही हे आपल्या हाती आहे, असे एव्हाग्रिअस आठ वितर्कांची नावे सांगताच, त्याच प्रकरणात स्पष्ट करतो. पुढे तो व्याख्याच करतो. विचार येणे ही तपस्व्याची परीक्षा होय, त्या विचारातील निषिद्ध सुखाला मनाने संमती देणे हे पाप होय. या दोहोंमधील अंतर केसाएवढे असेल, पण साधकाचे सारे स्वातंत्र्य त्या केसाएवढ्या अंतरात आहे. नको असलेले विचार मनात येतात म्हणून स्वतःला अधम समजून झुरणारी माणसे प्रत्येक पिढीत असतात, आजही आहेत. त्यांच्या दृष्टीने ही व्याख्या म्हणजे पांडित्याचा विषय नव्हे.

आणि म्हणून तो निंदेऐवजी निरीक्षण सांगतो. कोणता वितर्क वारंवार येतो, कोणता अधिक जाचतो, कोणता लवकर ओसरतो, कोणत्यामागून कोणता येतो हे टिपून ठेवावे, असा त्याचा आदेश आहे. 'वितर्कांविषयी' या दुसऱ्या ग्रंथात तो याहून पुढे जातो. धनलोभाचा विचार आला तर त्याची फोड करावी: यात मन आहे, सोन्याची कल्पना आहे, प्रत्यक्ष सोने आहे आणि लोभाचा विकार आहे. यांपैकी दोष कशात? मनात म्हणावे तर ते देवाने निर्मिलेले आहे. सोन्यात म्हणावे तर तेही त्याचेच. कल्पनेत म्हणावे तर ती केवळ वस्तूची प्रतिमा आहे. अशी चौकशी करीत गेले की शेवटी वस्तूविषयीचे एक घातक सुख तेवढे उरते, आणि या चौकशीतच तो वितर्क विरून जातो. विचाराला हाकलून न देता त्याचे घटक वेगळे करून पाहण्याची ही रीत ज्याने विपश्यनेचा काही अभ्यास केला आहे त्याला अपरिचित वाटणार नाही.

येथे एक साम्य असे आहे की ते पाहून अभ्यासक चकित होतात आणि मग घाई करतात. मज्झिमनिकायातील वितक्कसण्ठान सुत्तात अकुशल वितर्क दूर करण्याचे पाच उपाय आहेत. पहिल्या उपायासाठी दृष्टान्त आहे तो कुशल सुताराचा. तो बारीक खुंटीने जाड खुंटी ठोकून बाहेर काढतो. 'प्राक्टिकॉस'च्या अठ्ठावन्नाव्या प्रकरणात एव्हाग्रिअस खिळ्याने खिळा काढण्याविषयी बोलतो. यावरून काही जणांस बौद्ध प्रभाव दिसू लागतो. अलेक्झांड्रियाच्या क्लेमेंटने इ. स. 200च्या सुमारास बुद्धाचे नाव लिहून ठेवले आहे, तेही पुरावा म्हणून पुढे केले जाते. या घाईत आम्ही सहभागी होऊ शकत नाही. नाव ठाऊक असणे आणि उपदेश ठाऊक असणे यांत फार अंतर आहे. खिळ्याची म्हण ग्रीकांत जुनीच होती. ती ॲरिस्टॉटलच्या 'पॉलिटिक्स'मध्ये आहे, सिसेरोने लॅटिनमध्ये वापरली आहे, आणि एव्हाग्रिअसही 'म्हणतात ना' असेच म्हणून ती देतो. मराठीत आपण काट्याने काटा काढतो. ते कोणाकडून उसने आणले?

शिवाय दोन्ही दृष्टान्त पोटात शिरून पाहिले तर ते एक नाहीत. सुत्तातील भिक्खू अकुशल वितर्काच्या जागी कुशल वितर्क आणतो, खुंटी बदलते ती त्या अर्थाने. एव्हाग्रिअसचा साधक मात्र प्रथम एका दुष्ट वितर्काविरुद्ध दुसरा दुष्ट वितर्क उभा करतो. कामवासना अप्रतिष्ठेकडे नेते आणि प्रतिष्ठेची हाव मानसन्मानाची आशा दाखविते, म्हणून दोघी एका वेळी मनात नांदू शकत नाहीत. एक चढाई करू लागली की दुसरीची कल्पना मनात आणावी. ज्याला हे साधले तो निर्विकारतेच्या सीमेजवळ आला, असे तो म्हणतो, आणि लगेच पुढे जोडतो की प्रतिष्ठेच्या हावेला विनम्रतेने आणि कामवासनेला संयमाने दूर सारता येणे ही त्याहून फार खोल निर्विकारतेची खूण होय. सुत्ताने जेथून आरंभ केला तेथे एव्हाग्रिअस दुसऱ्या टप्प्यावर पोहोचतो. दोन स्वतंत्र वाटसरू एकाच डोंगराच्या कुशीत भेटावेत तसे हे आहे. त्यांपैकी एकाला दुसऱ्याच्या घरी जेवावयास लावण्याचे कारण नाही.

ज्यांनी एव्हाग्रिअसला बौद्ध ठरविले त्यांनी त्याचा जेवढा विपर्यास केला, त्याहून मोठा विपर्यास त्याच्या स्वतःच्या परंपरेने केला. जॉन कॅसिअनने पाचव्या शतकाच्या पूर्वार्धात आठ वितर्क लॅटिन भाषिकांना दिले, पण एव्हाग्रिअसचे नाव कोठेही घेतले नाही. घेणे सुरक्षितही नव्हते. सहाव्या शतकाच्या अखेरीस पोप ग्रेगरीने यादीची फेररचना केली. गर्व हे सर्वांचे मूळ म्हणून बाजूला काढला, मत्सर घातला, अकेदिया खिन्नतेत मिसळून टाकली, आणि सात दोष उरले. पुढील शतकांत पापनिवेदन ऐकणाऱ्या पुरोहिताच्या हाती ही यादी आली. आता प्रश्न बदलला. 'तुझ्या मनात काय चालले आहे?' ऐवजी 'तू यांपैकी काय केलेस आणि किती वेळा?' असे विचारले जाऊ लागले. वैद्याचे टिपण फौजदाराच्या हाती गेले, तर ते आरोपपत्र होणारच. अर्थात ग्रेगरी हा स्वतः मनाचा सूक्ष्म जाणकार होता आणि सामान्य जनांस सोप्या यादीची गरज असते, हे आम्ही नाकारीत नाही. पण जे हरवले ते हरवलेच.

इकडे पूर्वेत एव्हाग्रिअसच्या मृत्यूनंतर वर्षभरातच अलेक्झांड्रियाचा बिशप थिओफिलस याने ऑरिजेनपंथी तपस्व्यांना नित्रिया व केल्लियातून हुसकावून लावले. जेरोमने 'अपाथेइया' म्हणजे निर्विकारता या कल्पनेवर हल्ला चढविला, कारण त्याच्या मते असा माणूस एकतर दगड असेल, नाहीतर देव. 553च्या कॉन्स्टँटिनोपल परिषदेच्या वेळी ऑरिजेनबरोबर एव्हाग्रिअसचाही धिक्कार झाला. ग्रीक हस्तलिखितांतून त्याचे नाव पुसले गेले. त्याचा प्रार्थनेविषयीचा ग्रंथ वाचला जात राहिला, पण नायलस या दुसऱ्याच साधूच्या नावावर. बाकीचे बरेच सिरिअॅक आणि आर्मेनियन अनुवादांनी जगविले. 'केफालाइया ग्नोस्तिका' या त्याच्या गूढ ग्रंथाचे सौम्य न केलेले सिरिअॅक भाषांतर अँतवान गीयोमाँ यांना लंडनमधील एका हस्तलिखितात सापडले आणि ते 1958 साली छापले गेले. 1964 साली त्यांनीच केल्लियाची जागा शोधून काढली. ज्याचा धिक्कार झाला त्याचे खरे शब्द वाचावयास विद्वानांना चौदा शतके थांबावे लागले.

तो ग्रंथ उघडल्यावर आमच्यासारख्या वाचकाची अडचणही उघड होते. सर्व बुद्धिमान जीव आरंभी देवाशी एकरूप होते, त्यांच्या अनवधानामुळे ते ढळले, त्यांच्या उद्धारासाठी देह व सृष्टी निर्माण झाली आणि शेवटी सर्व पुन्हा त्या ऐक्यात परततील, असे त्याचे दर्शन आहे. 'प्राक्टिकॉस'मधील चित्तचिकित्सा ही त्या परतीच्या प्रवासाची पहिली पायरी आहे. तेव्हा निर्मात्यावाचून आणि प्रार्थनेवाचून तिला उचलून घेऊन 'हे तर आमचेच' असे म्हणणे हे नायलसच्या नावावर ग्रंथ खपविण्यासारखेच होय. 'वितर्क' हा शब्द योजताना जो धोका आम्ही म्हटला तो हाच. सोन्याच्या विचाराची जी फोड वर सांगितली, तीतही मन व सोने निर्दोष ठरतात ते देवाने निर्मिले म्हणून. तो आधार काढला तर युक्तिवाद वेगळा उभारावा लागेल.

दोन ठिकाणी मात्र एव्हाग्रिअस आम्हांस पटत नाही. त्याच्या मते क्रोध हा आत्म्याचा स्वाभाविक अंश असून तो दुरात्म्यांविरुद्ध वापरावयाचा असतो. माणसाविरुद्ध वापरला की तो निसर्गाविरुद्ध जातो. पण ज्याला आपल्या वितर्कांवर संतापण्याची सवय लागली, तो संताप ओळखीच्या चेहऱ्याकडे वळावयास किती वेळ लागेल? प्रार्थनेच्या वेळी क्रोध आपल्याला दुखावणाऱ्याचाच चेहरा डोळ्यांपुढे उभा करतो, हे तोच सांगतो. त्याच्या अनुयायांना छळणारेही दुरात्म्यांविरुद्धच लढत आहोत असे समजत होते. दुसरे म्हणजे खुद्द दुरात्मे. वितर्क बाहेरून येतो असे मानल्याने 'हा विचार म्हणजे मी नव्हे' हे अंतर साधकाला सहज मिळते, हा मोठाच लाभ. परंतु अशाने विचार कोणत्या कारणांनी उद्भवला याची चौकशी दाराशीच थांबण्याचा संभव असतो. एव्हाग्रिअस बहुतेक वेळा थांबत नाही, कारण त्याची निरीक्षणशक्ती त्याच्या सिद्धान्ताहून मोठी आहे.

उरतो प्रश्न जेरोमचा. निर्विकार माणूस दगड असतो काय? एव्हाग्रिअसचे उत्तर असे की प्रेम हे निर्विकारतेचे अपत्य होय. 'उपेक्खा' या शब्दाचे मराठीत 'उपेक्षा' होऊन जे झाले तेच 'अपाथेइया'चे युरोपीय भाषांत झाले, तेव्हा या उत्तराकडे सहानुभूतीने पाहिले पाहिजे. तरीही 'प्राक्टिकॉस'च्या अखेरीस जुन्या तपस्व्यांच्या ज्या हकीकती त्याने दिल्या आहेत, त्यांत पंचाण्णव्या प्रकरणाशी आम्ही अडखळतो. एका तपस्व्यास पिता वारल्याचा निरोप येतो. तो निरोप्यास म्हणतो की ही देवनिंदा थांबव, माझा पिता अमर आहे. यात श्रद्धा असेल, पण निरोप घेऊन आलेल्या त्या माणसाकडे पाहिल्याचे दिसत नाही. किसा गोतमीला मोहरी आणावयास पाठविणाऱ्या शास्त्याने तिला निदान गावातल्या प्रत्येक दाराशी नेले होते. मग एकच प्रकरण सोडून सत्त्याण्णवे येते. एका तपस्व्याजवळ शुभवर्तमानाची पोथी एवढीच मालमत्ता होती. ती विकून त्याने पैसे भुकेलेल्यांना दिले, आणि म्हणाला की जे वचन मला सर्व विकून गरिबांना द्यावयास सांगत होते, तेच वचन मी विकले.